ऑपरेशनआधीचे प्रश्न

माझा बीएमआय ४० च्या वर, जोडीला मधुमेह. वजन घटवण्याच्या ऑपरेशनच्या निकषांत मी केव्हाच बसत होते. तरी सर्जन म्हणाले, "आधी मानसतज्ज्ञांना भेटून या." मनात आलं, तिथे नापास झाले तर?

मानसतज्ज्ञ बाईंनी प्रश्नावल्या भरून घेतल्या. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उदासी, अगदी जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचारही विचारतात. दारूबद्दल विचारलं तेव्हा मला हसू आलं. पण जठराच्या बायपास ऑपरेशननंतर दारू लवकर चढते आणि काहींना नंतर तिचंच व्यसन लागतं, हे ऐकून हसू मावळलं.

मग त्यांनी विचारलं, "केव्हा खाता? सोबत कोण असतं?"

किती खाते, हे आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. सगळ्यांदेखत मी दोन पोळ्यांवर हात आवरायचे आणि रात्री ओटा आवरून झाला, की दिवा न लावता फरसाणाचा डबा घेऊन बसायचे. भूक नसायचीच. हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात," बाई म्हणाल्या. "ताटभर जेवण जाणार नाही. पण फरसाण, आइस्क्रीम थोडंथोडं रात्रभर जाऊ शकतं."

पुढच्या भेटीला घरच्यांनाही बोलावलं. बाईंनी टेबलावर छोटी वाटी ठेवली. "आजी, सुरुवातीला सूनबाई एवढ्यावरच उठणार. जेवताना पाणीही नाही. चालेल?"

सासूबाईंनी वाटी निरखली. "एवढंसं तर मी नैवेद्याला वाढते!" आणि जरा थांबून, "मग लग्नाच्या पंक्तीत हिनं आग्रह कसा मोडायचा?" घरात सगळ्यांना वाढणाऱ्या त्याच. त्यांनीच हे विचारलं, म्हणून मला धीर आला.

अहवालात लिहिलं होतं: आधी समुपदेशन, मग ऑपरेशन. ऑपरेशनसाठी रजा मंजूर झालेली, त्यामुळे मी चिडले. समुपदेशनात वहीत दोन रकाने आखायचे होते: काय खाल्लं आणि त्याआधी काय घडलं. दुसरा रकाना भरू लागला तसं दिसलं, की डबा उघडलेल्या बहुतेक रात्रींआधी नवऱ्याशी करायचं राहून गेलेलं एखादं भांडण होतं.

यथावकाश ऑपरेशन झालं. वजन उतरलं, केसही गळले, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आता जन्मभराच्या. अजून एखाद्या रात्री ओट्याशी घुटमळते. मग नवऱ्याला उठवते आणि भांडून घेते.