शेंदराची खूण

लातूरच्या गॅरेजमधल्या मिस्त्री चाचांनी डबीतला शेंदूर तेलात कालवला. मारुतीला लावतात तोच. डिफरन्शियलमधल्या क्राउनच्या चार-पाच दातांवर ब्रशनं पातळ हात मारला, पिनियन हातानं फिरवला आणि म्हणाले, "या भाऊ, बघा." दातांच्या मधोमध शेंदूर पुसला गेला होता. ज्वारीच्या दाण्यासारखा लांबट, स्वच्छ ठिपका. ना टोकाकडं, ना मुळाकडं. "ही जोडी चांगली बसलेली आहे. हिला हात लावायचा नाही."

नव्या जोडीचे पैसे मी बाजूला काढून आणले होते. गाडी एवढी उघडलीच आहे तर सगळंच नवं टाकावं, असा माझा हिशेब. चाचांनी तो तिथंच मोडला. क्राउन आणि पिनियन एकमेकांसोबत झिजतात, एकमेकांचा दात ओळखतात. एकटा पिनियन बदलला तर हाउसिंग ओरडायला लागतं. बदलायचं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

गाडी महिंद्राची जुनी फोर-व्हील कॅम्पर, चार सिलिंडरचं 2523 सीसीचं डिझेल इंजिन. 1947 च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढच्या चाकांनाही ओढ देण्याची त्या जीपमधली युक्ती इतक्या वर्षांनी आमच्या लोह्याच्या शिवारात रोजच्या कामाची झाली. आमच्याकडची काळी माती पावसात चाकाला अशी धरते की मागची दोन चाकं नुसती जागेवर फिरतात. तेव्हा फोर-व्हीलची छोटी दांडी टाकायची. गाडी बैलासारखी मान खाली घालून बाहेर येते. माझ्या वडिलांचा या दांडीवर फार विश्वास होता.

गेल्या वर्षी गाडी निळा धूर सोडायला लागली. मोबिल खायला लागली. अहमदपूर, चाकूर करत ती लातूरला आणली. हेड उतरल्यावर चाचांनी माझं बोट लायनरच्या आत नेलं आणि नख खालून वर फिरवायला लावलं. वरच्या बाजूला नख अडकलं. रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंत लायनर झिजलेला, त्याच्या वर मूळची कड तशीच. ही झीज कशाची, ते एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपनं सांगितलं. त्याला तडा गेला होता. किती उन्हाळ्यांचा फुफाटा त्या फटीतून इंजिननं ओढला असेल! शे-दोनशे रुपयांचा पाइप वेळेवर बदलला असता तर हे सगळं टळलं असतं. याची मला अजून हळहळ वाटते.

ट्रान्सफर केस उघडल्यावर दुसरी चूक निघाली. सोयाबीनची पोती घेऊन लातूरच्या आडतीवर येताना छोटी दांडी कित्येकदा डांबरी रस्त्यावरही तशीच राहायची. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात. चिखलात चाक घसरतं आणि हा फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो. पुढचे टायर गुळगुळीत आणि मागचे नवे असले तरी हेच होतं; आमचे तसेच होते. दोन गिअर आणि जॉइंटचे क्रॉस बदलावे लागले.

पण चाचांच्या हाताखाली आठ दिवस बसून जे बघितलं, ते वेगळंच आहे. नवं टाकण्यापेक्षा जुनं जिथलं होतं तिथंच परत बसवण्याला ते जास्त जपत होते. कनेक्टिंग रॉड सोडवण्याआधी त्यांनी पंच घेतला. पहिल्या रॉडवर आणि त्याच्या टोपीवर एकेक टिंब, दुसऱ्यावर दोन, मग तीन, चार. तिसऱ्याची टोपी चौथ्याला वरून दिसायला बसते. पण रॉड आणि त्याची टोपी यांचं भोक एकत्र कापलेलं असतं, म्हणून अदलाबदल झाली की बेअरिंग आवळतं आणि क्रँक धरतो. टॅपेटसुद्धा त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोवून ठेवले होते. पोऱ्यानं एक उचलून पाहिला तर चाचा त्याच्यावर रागावले नाहीत, फक्त हातातून घेऊन त्याच्याच भोकात परत खोवला.

यापूर्वी एका गॅरेजमध्ये सगळे नटबोल्ट एकाच घमेल्यात पडलेले मी पाहिले आहेत. त्या कामानंतर गाडी वर्षभरही टिकली नव्हती.

लायनर आणि रिंगा मात्र नव्याच टाकाव्या लागल्या. नव्या लायनरवर होनिंगच्या तिरप्या रेघा असतात, त्यांत तेल थांबतं. नवी रिंग त्या रेघांवर घासत घासत बसते. म्हणून पहिले हजार किलोमीटर ओझं कमी, वेग कमी, आणि इंजिन फार वेळ नुसतं चालू ठेवायचं नाही. घरच्या सगळ्यांनी ते पाळलं.

तुमची गाडी उघडली जाईल तेव्हा तिथं बसून राहा. सुटणाऱ्या भागावर खूण केली का, एवढं तरी विचारा.

आमच्या गाडीचे अकराशे किलोमीटर झाले. ऑइल बदललं. चारही टायर एका मापाचे घातले. छोटी दांडी आता शेताच्या बांधावरच टाकतो आणि डांबर लागायच्या आत काढतो.