मामाच्या गावचा पाऊस

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेले होते. गावाचे नाव बारी. ते अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे.

एके दिवशी सकाळीच कडक ऊन पडले. मामा म्हणाला, "चला, शिखरावर जाऊ." मी उड्या मारू लागले. पण आजी डोंगराकडे बघून म्हणाली, "आज नका जाऊ. वर ढग बसलाय." मामाने आजीचे ऐकले. मला फार वाईट वाटले.

दुपारी एकदम अंधारून आले. सोसाट्याचा वारा सुटला. अंगणात हिरडा वाळत घातला होता. हिरडा भिजला तर त्याला बुरशी येते, मग भाव मिळत नाही. आम्ही सगळ्यांनी तो भराभर गोण्यांत भरला. शेवटची गोणी पडवीत आली आणि ताडताड गारा पडल्या. विजा कडाडल्या. शिखराच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. मामा हळूच म्हणाला, "आत्ता शिडीवर असतो तर?"

तासाभराने पुन्हा ऊन पडले!

दोन दिवसांनी आजीने आभाळ बघून "जा" म्हटले. मग आम्ही वर गेलो. वरून भंडारदऱ्याचे पाणी दिसले. देवीच्या पाया पडलो. खाली आल्यावर आजीने विचारले, "देवीला काय मागितलंस गं?"

मी म्हटले, "हिरड्याला भाव."