अर्ध्या तिकिटातलं पुणे

नीरेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा लागतो. पूल ओलांडला की पहिलं मोठं गाव शिरवळ. इतिहासात रस असणाऱ्यांना ते सुभानमंगळामुळे माहीत असतं. 1648 मध्ये कावजी मल्हारांनी हा भुईकोट आदिलशाही सैन्याकडून जिंकला होता. गुरं पाळणाऱ्यांना ते व्हेटरनरी कॉलेजमुळे माहीत, तर नोकरी शोधणाऱ्यांना एमआयडीसीमुळे. उरलेल्या महाराष्ट्रासाठी शिरवळ म्हणजे महाबळेश्वरला जाताना गाडी थांबवून चहा घ्यायची जागा.

आणि गावातल्या हॉटेलांनीही स्वतःला तसंच मानून घेतलंय. महामार्गावरचं हॉटेल गाडीसाठी असतं, माणसासाठी नव्हे. मिसळ, वडापाव, थाळी, बाहेर पाण्याची टाकी, आणि गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठलं पाहिजे. आत गावात मेस आहेत. शिफ्ट सुटली की पोरं ताटावर बसतात, भात वाढून होतो न होतो तोच पुढची पंगत दारात उभी. जेवण दोन्हीकडे चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार बायकांनी दोन तास निवांत बसावं, एक ताट चौघींत खावं, मोठ्यानं हसावं, अशी जागा विचारली तर लोक ‘फॅमिली रूम’ दाखवतात. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन आणि कोपऱ्यात मोठ्यानं चाललेला टीव्ही.

जिमचंही तेच. गावातल्या एका जिममध्ये ‘लेडीज बॅच’ची पाटी होती आणि वेळ होती दुपारी बारा ते दोन. त्या वेळात मोकळी असलेली बाई शिरवळमध्ये कोण, हे पाटी लावणाऱ्यालाच ठाऊक.

शिरवळच्या चौघीजणी रविवारी पुण्याला जाऊ लागल्या त्या यामुळे. एक बँकेत, एक कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, एक नायगावची सून, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांच्या गावची, शाळेवर शिक्षिका. चौथी प्रस्तुत लेखिका. चौघी चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. घरी सांगायचं कारण ठरलेलं: ‘जरा पुण्याला जाऊन येते, काम आहे.’ काम म्हणजे नवं हॉटेल आणि नवा क्लास.

हे परवडलं ते एसटीमुळे, हे आधी कबूल करायला हवं. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी स्वारगेटला जाऊन-येऊन चौघींचा जो खर्च व्हायचा, त्यात आता चौघींचा नाश्ताही बसतो. साताऱ्याच्या विनाथांबा गाड्या शिरवळला थांबत नाहीत, त्या धुरळा उडवत निघून जातात. त्यामुळे थांबणाऱ्या गाडीची वाट बघावी लागते, मग खेड-शिवापूरचा टोलनाका, मग कात्रज. पण सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यावर पुढचं पुणं एकदम जवळ आलं. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की डेक्कन. पहिल्यांदा त्या भुयारी स्टेशनच्या लांबच लांब सरकत्या जिन्यावर शिक्षिकाबाईंनी बँकवालीचा दंड असा धरला होता की तो बघून पोलिसांनी चौकशी करायला हवी होती.

नव्या हॉटेलांची गंमत अशी की दार उघडेपर्यंत ती सगळी वेगळी असतात. आत गेल्यावर भिंतीला तीच न गिलावा केलेली वीट, छतातून लोंबणारे तेच पिवळे दिवे, आणि मेनूच्या जागी टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. ‘मेनू कार्ड आहे का हो?’ असं विचारलं की मुलगा आधी आपल्याकडे बघतो, मग आत जाऊन एक फाटकं कार्ड घेऊन येतो. पदार्थाचं नाव दोन ओळींचं आणि बशीत तो दोन घासांचा.

बाणेरकडच्या अशाच एका ठिकाणी मेक्सिकन बोल नावाचा प्रकार मागवला. खोलगट वाडग्यात भात, मका, टोमॅटोची कोशिंबीर, वरून पांढरं दही आणि मधोमध लाल बी. शिक्षिकेनं एक बी चमच्यावर घेऊन निरखलं आणि म्हणाली, ‘राजमा आहे. आमच्या माहेरी वाघ्या पिकतो.’ तिचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. तिकडचा वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचाच भाऊबंद, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. घेवडा म्हणजे मुळात अमेरिका खंडातलं पीक. तिथून निघून तो कोरेगावात रुजला आणि त्याच कुळातलं बी मेक्सिकोच्या नावानं बाणेरच्या वाडग्यात आलं. चव? बरी होती. मीठ कमी होतं.

बिल आलं तेव्हा बँकवाली कामाला आली. तळाशी जीएसटीच्या वर एक ओळ होती: सेवा शुल्क, दहा टक्के. तिनं मुलाला बोलावून शांतपणे सांगितलं, हे काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हॉटेलांनी हे शुल्क आपणहून बिलात घालायचं नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. मुलगा मॅनेजरकडे गेला. मॅनेजर आला, ‘मॅडम, ते ऐच्छिक आहे’ म्हणाला. ‘मग आमची इच्छा नाही’, बँकवाली म्हणाली. बिल बदलून आलं. मुलाच्या हातात तिनं वेगळे पैसे ठेवले, ते त्याचेच राहावेत म्हणून. शहरातल्या जेवणातून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर ही. कर द्यायचाच, तो सरकारचा आहे. सेवा शुल्क द्यायचं की नाही हे आपण ठरवायचं.

पोट भरलं नाही तर चौघी फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत जातात. तिथं रांग असते, पण एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरी, कशी लागेल याची चिंता नसते.

क्लासचं शास्त्र निराळं. पुण्यात बहुतेक ठिकाणी पहिला क्लास फुकट असतो, आणि त्यानंतर फोन सुरू होतात: ‘मॅडम, तीन महिन्यांचं पॅकेज घेतलंत तर…’ शिरवळहून येतो म्हटलं की पलीकडचा आवाज क्षणभर अडखळतो. शिरवळ कुठं आलं, हे विचारायचा धीर होत नसावा.

झुंबात चौघी पहिल्याच दिवशी तरल्या. ही चीज कोलंबियातली. काली शहरात बेतो पेरेझ एरोबिक्स शिकवायचा. एकदा क्लासची टेप घरी विसरला आणि जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर त्यानं वेळ मारून नेली. त्या वेळ मारून नेण्याचा पुढं जगभर धंदा झाला. कोथरूडच्या त्या हॉलमध्ये सगळ्या बायका आरशात स्वतःकडे बघत होत्या आणि शिकवणारी ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ ओरडत होती. ज्यांनी शाळेत पंधरा ऑगस्टला लेझीम खेळलीय त्यांना आठापर्यंत मोजत पाय टाकणं नवं नसतं. क्वालिटीवाली तर पुढच्या रांगेत गेली. मी मागेच राहिले, पण थांबले नाही.

अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात मात्र सगळ्यांची हवा गेली. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि 1975 मध्ये त्यांनी इथं संस्था उभी केली. दोर, पट्टे, विटा, घोंगड्या यांच्या आधारानं कुणालाही आसनात उभं करायचं, ही त्यांची रीत. त्या रीतीनं शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला त्रिकोणासनात उभं केलं, हाताखाली लाकडी वीट दिली आणि म्हणाल्या, ‘गुडघ्याची वाटी वर ओढा.’ वाटी वर ओढता येते हेच माहीत नव्हतं. ओढली. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा झाला आणि पाय थरथरू लागला. ‘श्वास सोडा, चेहरा सोडा, वाटी सोडू नका.’ तासभर कुणी उडी मारली नाही, गाणं लागलं नाही, आणि परतीच्या गाडीत चौघींपैकी कुणालाही उठून शेजारणीला खिडकी देता आली नाही. प्रस्तुत लेखिकेचं मत विचाराल तर सगळ्या क्लासांत हा सरस. झुंबात घाम येतो, इथं अक्कल येते.

नव्या व्यायामाच्या मागं लागणं हे आजचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्याच औंध संस्थानाकडे बघावं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडोचे भक्त होते. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. त्याची पुस्तकं आणि साधनं मागवून त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. मग मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले आणि तिथंच थांबले. शाळांतून तो सक्तीचा केला, 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, आणि 1938 मध्ये लुईस मॉर्गन या बाईंनी संपादित केलेली त्याची आवृत्ती लंडनमध्ये निघाली. साहेबाकडून डंबेल घ्यायचं आणि साहेबालाच सूर्यनमस्कार विकायचा, हा व्यवहार औंधच्या राजाला जमला. शिवाय त्यांच्या नमस्कारांना साधन लागत नव्हतं, पॅकेज तर नव्हतंच.

सगळं पुण्यातच असतं असंही नाही. क्वालिटीवालीनं मध्येच सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव काढलं. 2012 पासून होणारी ही स्पर्धा शहरातून यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच वाटेनं उतरते. अंतर एकवीस किलोमीटर आणि थोडं. 2015 मध्ये या स्पर्धेनं गिनेस विक्रमही केला. सरावाला क्वालिटीवाली पहाटे सर्व्हिस रोडवर पळायची. उलट्या बाजूनं येणारे ट्रक, न सांगता मागं लागणारी कुत्री आणि ‘ताई, काय झालं?’ म्हणून थांबणारे दूधवाले. शहरातल्या धावणाऱ्या बाईला ही विचारपूस सोसावी लागत नाही. तिनं शर्यत पुरी केली. यवतेश्वरच्या चढावर बरेच जण चालतात, तीही चालली, हे तिनंच सांगितलं.

आता पुण्याच्या फेऱ्या कमी झाल्यात. हॉटेलांसाठी जाऊ अधूनमधून, त्यात खळ नाही. पण व्यायाम महिन्यातून एकदा फुकट ट्रायलवर होत नसतो. तो रोज, घरापासून चालत जाता येईल अशा जागी व्हायला हवा. अय्यंगार पद्धतीचं शिकलेली एक मुलगी गावात लग्न होऊन आलीय आणि शिकवायला तयार आहे. आठ-दहा बायका तयार आहेत. जागा नाही. मंगल कार्यालयं लग्नाच्या तारखा सोडल्या तर रिकामी असतात, पण भाडं पूर्ण दिवसाचं मागतात.

शिरवळमध्ये कुणाकडे हॉल असेल, वरचा मजला असेल, शाळेचा वर्ग असेल, तर सांगा. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. सपाट फरशी, दोन पंखे, दोर बांधायला एक धड भिंत आणि आतून कडी लागणारं दार एवढंच पुरे. भाडं देऊ. सतरंज्या आमच्या.