दुर्गदबैल आणि दीर्घिकेचा गाभा

दुर्गदबैलच्या चौकात संध्याकाळी उभे राहिले की गल्लीगल्लींतून माणसांचे लोंढे आत येताना दिसतात. खांद्याला खांदा घासतो, उकाडा वाढतो आणि दिव्यांचा झगमगाट मध्यावरच दाटतो. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले. त्या आठवड्यात नातीला दीर्घिकांची केंद्रे समजावून सांगताना आम्हांस हाच चौक उपयोगी पडला.

१९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूचे कोडे सोडविले. दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेला तो क्वेसार होता; दीर्घिकेचा धगधगता गाभाच. आज सर्वमान्य असलेला खुलासा असा की, अशा गाभ्यात लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. प्रकाश त्याच्या आतून येत नाही. आत ओढला जाणारा वायू भोवती चकतीसारखा फिरतो, घर्षणाने तापतो आणि गडप होण्यापूर्वी झळाळतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा शेकडा एक भागही ऊर्जेत बदलत नाही. येथे शेकडा दहाच्या आसपास बदलू शकतो.

क्वेसारांच्या अंतरांविषयीचे रूढ मत नारळीकरांना सहजी पटले नव्हते. तरीही अजित केंभावी यांच्यासह त्यांनी याच विषयावर लिहिलेला पाठ्यग्रंथ १९९९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. मतभेद राखूनही विषय नीट मांडावा, ही शिस्त आम्हांस मोलाची वाटते.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याशीही सुमारे चाळीस लाख सूर्यांइतके कृष्णविवर आहे. त्याचे पहिले छायाचित्र १२ मे २०२२ रोजी जगाने पाहिले. मात्र ते शांत आहे.

“मग ते विझलं का, आजोबा?” नातीने विचारले.

“विझलं नाही गं. त्याच्यात पडायला सध्या फारसं काही नाही, इतकंच.”

मग आम्ही कपाटातून नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ काढून तिच्या हाती दिले. ती घरी मराठी बोलते. वाचते ते कन्नड आणि इंग्रजी. दोन पाने चाळून ती म्हणाली, “तुम्हीच वाचा ना.”

येथली मराठी विझत चालली, अशी खंत आम्ही प्रत्येक बैठकीत बोलून दाखवितो. ते पुस्तक मात्र कित्येक वर्षे आमच्याच कपाटात बंद होते. गाभ्यात काही घातलेच नाही, तर उजेड कोठून यावा?

तेव्हापासून रोज रात्री एक पान आम्ही वाचतो, एक ती. काल तिने ‘दीर्घिका’ हा शब्द न अडखळता वाचला.