जुन्या गाडीचे साल

स्वयंपाकघरात काही वस्तू जुन्याच बऱ्या. तांदूळ वर्षभर मुरलेला असला म्हणजे भात मोकळा होतो. चिंच जुनी असली म्हणजे आमटीला रंग चढतो. आमच्या वहिनींच्या फडताळात प्रत्येक बरणीवर सालाची चिठ्ठी असते, आणि कोणत्या सालचे काय उघडायचे याबद्दल त्यांचा शब्द घरात शेवटचा. पण २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला असा एक प्रश्न विचारला की, त्याचे उत्तर कुठल्याच बरणीवर लिहिलेले नव्हते.

"भाऊजी, जुनी पिकप कोणत्या सालची घ्यावी हो?"

थोरल्या बंधूंच्या मागे नारायणगावजवळची चार एकर जमीन पुतण्या कसतो. टोमॅटो पिकवावा त्याने आणि नफा जावा गाडीवाल्याच्या भाड्यात, असे तीन हंगाम झाले होते. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. जुनीसाठी वहिनींनी आपल्या पाटल्या काढून ठेवल्या होत्या. म्हणजे साल चुकले तर पाटल्याही गेल्या आणि गाडीही गेली! माझा जन्म कारकुनीत गेला. गाडीतले मला काय कळणार? पण घरात वडीलधारा मीच उरलो होतो. 'मला कळत नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

पुतण्याने मात्र अभ्यास केला होता. "काका, नव्या घडणीची पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये. तिच्या खोडी कारखान्याला गिऱ्हाइकाच्या पैशाने कळतात. जुन्या घडणीची शेवटच्या वर्षाची घ्यावी."

मला हे पटले. थोरल्या मुलावर आईबाप शिकतात आणि त्याचा फायदा धाकट्यांना मिळतो, हे मी घरातच पाहिलेले आहे. धाकटा मीच.

आता घडण बदलते केव्हा? धुराचे नियम बदलतात तेव्हा हमखास. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यातही एक गंमत आहे. जुन्या नियमांच्या गाड्या १ एप्रिलपासून विकायच्या नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिला, आणि उरल्या दोन दिवसांत दुकानदारांनी भरमसाट सूट देऊन माल खपवला. त्यामुळे त्या मार्चअखेर नोंदलेली गाडी २०१६ साली बनलेलीही असू शकते. नोंदणीचे साल हे बारशाचे साल, जन्माचे नव्हे! जन्माचे साल पाहायचे तर आरसी बुकात बनावटीचा महिना आणि वर्ष निराळे लिहिलेले असते.

एवढी पत्रिका पाठ करून आम्ही स्थळे पाहायला निघालो. बरोबर गावातले गॅरेजवाले मिस्त्री होते.

पहिली गाडी २०२० च्या अखेरची, बीएस-६ ची. मिस्त्रींनी विचारले, "काय वाहायची?" दूध, गाव ते डेअरी, असे उत्तर आले. मिस्त्रींनी मान हलवली. या गाडीला धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. लांबच्या फेरीत इंजिन चांगले तापले की अडकलेली काजळी जळून जाते. रोज दोन-चार किलोमीटरच पळवली तर गाळणी तुंबत जाते. गाडी चांगली होती, काम तिच्या प्रकृतीचे नव्हते.

दुसरी मे २०१९ ची, सांगलीकडून आलेली. दिसायला इतकी देखणी की पुतण्याने मनातल्या मनात तिला झेंडूची माळही घातली. मिस्त्रींनी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. आतल्या टोकाला मातकट रेघ होती. सीटखालचे लोखंड गंजलेले, आणि पुढच्या दिव्यात काचेच्या आतल्या बाजूला बारीक गाळ.

"साल चांगलं आहे हो," मिस्त्री मला म्हणाले, "पण त्या सालातला ऑगस्ट वाईट."

मग माझ्या ध्यानात आले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाले होते. पाणी वायरींच्या जोडात शिरले की गाडी त्या दिवशी मरत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, भरल्या हौद्यानिशी, घाटात मरते. परतताना पुतण्या बोलला नाही.

तिसरी संगमनेरच्या बाजूची, २०१६ सालची. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली, रंग उडालेला. वहिनी या वेळी हट्टाने बरोबर आल्या होत्या. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होते, म्हणजे आम्ही येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवलेले नव्हते. पहिल्या चावीला ते सुरू झाले. पायाखालची पेडले काट्याशी जुळतील इतपतच झिजलेली होती. टायरवरचे चार आकडे मिस्त्रींनी मला वाचायला शिकवले : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मालक म्हाताऱ्याने एक वही पुढे केली. ऑइल कधी बदलले, ब्रेक कधी, कर्जाचा बोजा कधी उतरला, सारे तारीखवार.

वहिनींनी वही चाळली आणि विचारले, "इतकी जपलीत, मग विकता का?"

"पोरगा चाकणला कंपनीत लागला, बाई. मला रात्रीचं दिसत नाही आता." एवढे बोलून म्हातारा किल्लीशी चाळा करीत राहिला.

"भाऊजी, हीच घ्या," वहिनी म्हणाल्या.

त्याला दोन वर्षे झाली. एकदा क्लच प्लेट बदलावी लागली; आठ वर्षे उलटल्यामुळे पासिंग आता दरसाल करावे लागते. एक पाटली परत आली आहे, दुसरी अजून यायची आहे. वही गाडीतच असते. अर्ध्यापर्यंतची पाने त्या म्हाताऱ्याच्या हातची आहेत. पुढची, बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांच्याच अक्षरात, वहिनींची.