पंचमापर्यंतची वाट

पेटीने आपल्या गाण्याला आधार दिला, तसा एक तोटाही केला. तिच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. षड्जावरून पंचमावर जाताना मधल्या जागेत पाऊल टेकता येत नाही. आपले गाणे मात्र पुष्कळसे त्या मधल्या जागेतच नांदते. मींड म्हणतात ती हीच. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तिच्या कारणांपैकी हे एक. ती बंदी १९७१ पासून सैल होत गेली. जळगावात बालपणी महबूबखानांकडे पहिले धडे घेतलेल्या बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, पण शेजारी कादरबक्षांची सारंगीही होती. ऑर्गनला जे साधत नसे ते सारंगी करी.

मिस्सेतील गायनाच्या वेळी हा फरक मला नेहमी जाणवतो. धुळ्याकडच्या आमच्या आजीबाई सा वरून प वर एका ओढीत जातात. की-बोर्डवर तयार झालेली मुले तीच ओळ पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, आणि अलीकडे आजींनीच आवाज खाली घेतला आहे. मला हे बरे वाटत नाही.

आमच्या गायकवृंदातील एक तरुण आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याने एका वेळी एकच स्वर देणारा अॅनालॉग सिंथेसायझर स्वतः जुळवला. अशा यंत्रात स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक चढते. म्हणजे सा ते प हे अंतर सुमारे ०.५८ व्होल्टचे. पट्टी दाबताच दाब उडी घेतो. त्याच्या वाटेत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ठेवला की उडीची घसरण होते, कारण कपॅसिटर अरुंद तोंडाच्या मडक्यासारखा हळूहळू भरतो. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात वापरलेल्या रोलँडच्या टीबी-३०३ मध्येही घसरण होते ती याच युक्तीने.

पण मडके भरते कसे, ते पाहण्यासारखे आहे. एक लाख ओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर पहिल्या दशांश सेकंदात ६३ टक्के वाट संपते. पुढे गती मंदावत जाते. तीन दशांश सेकंदांनंतरही पंचम एका लहान श्रुतीहून अधिक उतरलेलाच असतो. अर्ध्या सेकंदाला तो कानाला पुरा वाटतो. शिवाय कपॅसिटरमधली वीज पुढच्या भागाने शोषली, तर धरलेला स्वर खाली ओघळतो. म्हणून मध्ये टीएल-०७२ सारखा, जवळजवळ काहीच न खाणारा ऑप-अॅम्प बसवावा लागतो.

ठरावीक प्रवाहाने कपॅसिटर भरला तर वाट सरळ रेघेसारखी होते. अंतर लांब असेल तर वेळही अधिक लागतो. तरुणाला हीच रीत शास्त्रशुद्ध वाटे. मला ती भोंग्यासारखी वाटली. आजी सा वर क्षणभर रेंगाळतात, मग निघतात आणि प ला अलगद टेकतात. ही वाट दोन्ही मंडलांत नाही.

"फादर, एकामागे एक असे दोन कपॅसिटर लावले तर सुरुवातही मऊ होईल," तो म्हणाला. आणि खरेच, दुसरे मडके पहिल्यातून भरू लागले की निघताना थोडा उशीर होतो. त्याने तसे जोडले आहे. रेझिस्टरच्या जागी सध्या फिरवायची खुंटी आहे. येत्या रविवारी आजींना गायला बसवून ती कुठे थांबवायची ते तो ठरवणार आहे.