सत्तरचे चाळीस

लग्नाची पंगत असो की महाराष्ट्र साहित्य सभेतल्या व्याख्यानानंतरचा चहा, मी विमान चालवत होतो हे कळलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात. भीती नाही वाटत का? आणि पगार किती असतो? पहिल्याचं उत्तर मी देतो. दुसऱ्याला उलट विचारतो, "तास किती धरायचे?"

समोरचा बुचकळ्यात पडतो. त्याचाही दोष नाही. होळकरांच्या दरबारी नोकरीपासून बँक, एलआयसी आणि आताच्या पुणे-बंगळुरूच्या आयटीपर्यंत, इंदूरच्या मराठी घरांत पगार म्हणजे एक तारखेला ठरलेला आकडा. वैमानिकाची सॅलरी स्लिप तशी नसते. तिच्यात मूळ वेतन आणि दोन-चार भत्ते असतात, पण खरा वजनदार रकाना फ्लाइंग अलाउन्सचा, आणि तो तासांवर चालतो. विमान स्टँडवरून हललं की तास सुरू होतो, पलीकडे चाकांना चॉक्स लागले की बंद. त्याआधी हवामान बघणं, इंधन ठरवणं, टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरणं यात तास-सव्वा तास जातो, तो यात नाही. जानेवारीत दिल्लीचं धुकं हटायची वाट बघत दार उघडं ठेवून स्टँडवर बसलात, तर तेही यात नाही. आमचे राजवाड्यावरचे रिक्षावाले तरी वेटिंग लावतात.

म्हणूनच करारात एक ओळ फार महत्त्वाची असते: उडा अथवा न उडा, इतक्या तासांचे पैसे नक्की. पगाराचा मोठा आकडा जाहिरातीत असतो, ही ओळ आतल्या पानावर असते. गेल्या काही वर्षांत आमच्या व्यवसायात जे बदललं ते बहुतेक सगळं या ओळीत बदललं.

२०२४ च्या फेब्रुवारीत विस्तारा एअर इंडियात विलीन व्हायच्या बेतात होती. दोन्ही कंपन्या टाटांच्या, तेव्हा वेतनाची रचनाही एकच असावी असं ठरलं. नव्या करारात हमीचे तास ७० वरून ४० वर आले. त्यापुढचे तास उडलात तर त्याचे वेगळे पैसे. ऐकायला वाजवी वाटतं. हिशेब सोपा जावा म्हणून समजा की तासाचा दर तीन हजार आहे. सत्तर तासांचे होतात दोन लाख दहा हजार, चाळीसचे एक लाख वीस हजार. मधले नव्वद हजार मिळणारच नाहीत असं नाही, भरपूर उडलात तर मिळतील. पण आता ते मिळणं रोस्टर, इंजिन, धुकं आणि शेजारच्या देशाचं आकाश यांच्या हातात गेलं. सगळ्यात जास्त झळ फर्स्ट ऑफिसरांना, म्हणजे सहवैमानिकांना, कारण कर्जाचा हप्ता त्यांच्याच डोक्यावर. मार्चअखेर त्यांच्यातले बरेच जण एकाच वेळी 'आजारी' पडले, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत शंभराहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि शेवटी कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात मिसळून गेली.

तास वैमानिकाच्या हातात नसतात, हे बाहेरच्यांना पटकन पटत नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी दगा दिला आणि चांगली नवी एअरबस विमानं महिनोन्‌महिने जमिनीवर उभी राहिली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा बोट त्याच इंजिनांकडे दाखवलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि मे महिन्यात तर उत्तर-पश्चिमेकडचे ३२ विमानतळच काही दिवस बंद होते. यात कॉकपिटमधल्या माणसाची चूक शून्य. पूर्वी असला धक्का कंपनीच्या ताळेबंदात बसायचा, आता त्यातला मोठा वाटा वैमानिकाच्या घरी पोचतो. "पगार घसरला" असं लोक म्हणतात तेव्हा मी एवढंच दुरुस्त करतो: ज्येष्ठ कप्तानाचा आकडा आजही महिना पाच लाखांच्या वर आहे. घसरली आहे ती हमी.

पूर्वी सगळं गोड होतं असंही नाही. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. सरकार हटलं नाही, उझबेकिस्तानातून तुपोलेव विमानं चालकांसकट भाड्याने आणली. त्यातलं एक ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटून पेटलं. नशीब म्हणायचं, सगळे वाचले. पुढे १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा गेला, खासगी कंपन्यांना रान मोकळं झालं, आणि ज्या वैमानिकांपुढे सरकार हटत नव्हतं ते रांगेने जेट एअरवेजकडे आणि इतरांकडे जाऊ लागले. त्यांना थोपवायला इंडियन एअरलाइन्सने पीएलआय काढला, म्हणजे उत्पादकतेशी जोडलेला भत्ता. नावात उत्पादकता, प्रत्यक्षात ठरावीक तासांची हमी. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वेतनं दोन तऱ्हांची राहिली. तो गुंता सोडवायला जी समिती बसली तिचे अध्यक्ष न्या. डी. एम. धर्माधिकारी. ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर पीएलआय मोडीत निघाला. त्यांचा युक्तिवाद मला चुकीचा वाटला नाही, कंपनी बुडत होती. पण हमी काढून घेण्याची वाट तिथून रुळली, असं माझं मत.

खासगी कंपन्यांचं तर विचारूच नका. किंगफिशर २००५ मध्ये थाटात आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट १७ एप्रिल २०१९ ला. दोन्हीकडे शेवटचे कित्येक महिने पगाराशिवाय गेले. मीही एका कंपनीत असे महिने काढले आहेत. रात्री दीडशे माणसं सुखरूप उतरवायची आणि सकाळी शाळेच्या फीसाठी मेव्हण्याला फोन करायचा. कोविडमध्ये इंडिगोसारख्या भरभक्कम कंपनीनेही वैमानिकांचं वेतन २८ टक्क्यांच्या आसपास कापलं. एप्रिल २०२२ मध्ये परत दिले आठ टक्के. विमानं तेव्हा पुन्हा भरून चालली होती. कापताना एका झटक्यात आणि परत देताना चमच्या-चमच्याने, हे मला खटकलं ते आजही खटकतं.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं: शिक्षणाचा खर्च. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर फॉकर फ्रेंडशिपचं सर्व महिलांच्या चमूचं उड्डाण नेलं, ते नाव आमच्या पिढीला पाठ आहे. त्या काळी कमर्शियल परवाना स्वतःचा आणायचा, मात्र नोकरी लागल्यावर त्या त्या विमानाचं प्रशिक्षण कंपनी देई. इंडियन एअरलाइन्सचं केंद्र हैदराबादला होतं. आज दोनशे तासांच्या सीपीएलला, म्हणजे कमर्शियल परवान्याला, पन्नास लाखांच्या आसपास लागतात, वर त्या त्या विमानाच्या टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख, आणि कंपनीच्या कॅडेट योजनेतून गेलात तर सगळं मिळून कोटीच्या घरात. हे पैसे मुलाचा बाप भरतो. गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर, बारामतीला, धुळ्याला, शिरपूरला मुलं शिकतात, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने स्वतःची अकादमी जाहीर केली, आमच्या इंदूरचा फ्लाइंग क्लब आहेच. जागा वाढल्या ही चांगली गोष्ट. पण कंपनीने भांडवल म्हणून घालायचे पैसे आता उमेदवार घालतो आणि वर बाँडवर सही करतो.

त्यात नोटिशीची गंमत बघा. २०१७ पासून डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार कप्तानाला नोकरी सोडायला १२ महिने आणि फर्स्ट ऑफिसरला ६ महिने आधी सांगावं लागतं. कंपनी मात्र वेतनाचा करार एका ई-मेलने बदलू शकते. प्रवाशांची गैरसोय होऊ नये, हा नियमामागचा हेतू. गैरसोय टाळायची तर पुरेशी माणसं नेमा, असं मला वाटतं. २०२५ च्या डिसेंबरात ते दिसलंच. रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोन आणि साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, हे वैमानिकांच्या थकव्याबाबतचे नियम बरेच आधीपासून ठरलेले होते. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. इंडिगोकडे रोस्टर भरायला वैमानिक पुरले नाहीत. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, आणि मग सवलत कोणाला मिळाली? थकलेल्या वैमानिकाला नाही, कंपनीला मिळाली, १० फेब्रुवारीपर्यंत.

रोस्टर तंग असलं की काय होतं यावर विमान अपघात तपास यंत्रणेचाच एक अहवाल आहे. ७ ऑगस्ट २०२० ला वंदे भारत मोहिमेतलं दुबईचं विमान कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पावसात खाली गेलं. कप्तान नागपूरचे दीपक साठे, हवाई दलातून आलेले, नावाजलेले वैमानिक. ते स्वतः आणि सहवैमानिक धरून २१ जण गेले. अहवालाने कप्तानाच्या निर्णयावर स्पष्ट बोट ठेवलं आहे: पाठवारा होता, विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, विमान पुन्हा वर उचलून गो-अराउंड घेतला गेला नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर होतं, कोझिकोडला पुरेसे कप्तान नव्हते, आणि वेळेत परत पोचण्याची ओढ त्यामुळे वाढली. मी तो भाग विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचायला लावतो. तिथे पगाराचा शब्द नाही. पण माणसं किती नेमायची आणि तास किती पिळायचे, हा हिशेब ज्या टेबलावर होतो त्याच टेबलावर आमच्या वेतनाचाही होतो.

अमेरिकेत वेतनाची घसरण आपल्या आधी घडून गेली. हडसन नदीवर विमान उतरवणारे कप्तान सलनबर्गर २००९ च्या फेब्रुवारीत काँग्रेससमोर गेले आणि आपला पगार ४० टक्क्यांनी घटला, पेन्शन बुडाली, असं सांगून आले. त्याच महिन्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं आणि छोट्या कंपन्यांचे सहवैमानिक किती तुटपुंज्यावर उडतात ते चव्हाट्यावर आलं. मग १५०० तासांची अट आली, माणसं कमी पडली, आणि २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ दिली. तेव्हा घसरण कायमची नसते, हेही खरं.

आपल्याकडे काय होईल? इंडिगोने २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० विमानं मागवली, एअर इंडियाने ४७०. त्या वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, पुढच्या वर्षी १,३४२. कागदावर हे गणित वैमानिकाच्या बाजूचं दिसतं. नागरी विमान वाहतूक मंत्रीही पुढल्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील म्हणतात. पण 'वैमानिक' असा एक ढीग नसतो. तुटवडा आहे तो कमांड असलेल्यांचा, म्हणजे कप्तानांचा. दोनशे तासांचे नवे परवानाधारक आजही वर्ष-दोन वर्षं घरी बसलेले मला भेटतात. विमानं येतील तीही सांगितल्या तारखेला येत नाहीत. माझा अंदाज असा की कप्तानांचं बरं चालेल, आखातातून बोलावणी येत राहतील आणि त्यामुळे इथले दरही वर राहतील. मात्र पहिली सात-आठ वर्षं, जेव्हा कर्ज असतं आणि कमांड नसते, ती आमच्या पिढीपेक्षा कठीण जातील. एकाच वैमानिकाने चालवायच्या विमानाची भीती मी घालत नाही. युरोपच्या नियामकाने त्यावर अभ्यास करून तूर्त नाहीच म्हटलं आहे.

मागच्या महिन्यात कृष्णपुऱ्याच्या माझ्या घरी छत्र्यांमागच्या गल्लीतलं एक कुटुंब आलं. वडिलांचं खजुरी बाजारात पुस्तकांचं दुकान, मुलगी बारावीला, गणित-भौतिकशास्त्र उत्तम. वडील म्हणाले, "काका, राऊचा प्लॉट काढला तर होऊन जाईल. काढू का?"

मी म्हटलं, "प्लॉट राहू द्या. आधी मेडिकल करू. मेडिकलचा पहिला वर्गच मिळाला नाही तर बाकी बोलणंच खुंटलं."

"आणि मिळाला तर?"

"तर डीजीसीएचे पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स. ते उडायच्या आधी देता येतात, आणि लाखांत नाही, हजारांत भागतं. पेपर निघाले की क्लबची फी हप्त्याहप्त्याने भरा, एकरकमी कुणालाच देऊ नका. सोबत बी.एस्सी. चालू ठेव गं."

मुलीने विचारलं, "आणि नोकरीच्या वेळी काय बघायचं, आजोबा?" मी तिला कागदावर दोन आकडे लिहून दिले, ७० आणि ४०, आणि करारात ते कुठल्या पानावर शोधायचे ते सांगितलं. मेडिकलसाठी ती पुढच्या आठवड्यात भोपाळला जाते आहे.